रिसेप्शनमध्ये बसलेले काका

पत्र:

प्रिय मावशी,

मी ३९ वर्षांची. न्यू जर्सीत एका मोठ्या कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत ११ वर्षं काम करते. मुलाखतीत ज्यांनी मला निवडलं ते काका ३१ वर्षं याच लॅबमध्ये होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझ्या बाळंतपणात काकूंनी डिंकाचे लाडू करून आणले होते, इतका घरोबा. निवृत्तीनंतर दर रविवारी काकांचा फोन येतो आणि दहा मिनिटांत गाडी त्यांच्या जुन्या प्रकल्पावर येते. तो प्रकल्प मागच्या वर्षी बंद झाला. त्याबद्दल मला बाहेर बोलता येत नाही.

मार्चमध्ये काका न कळवता लॅबमध्ये आले. बॅज नाही म्हणून सिक्युरिटीने त्यांना रिसेप्शनमध्ये बसवलं. मला फोन आला तेव्हा मी जागेवरच होते. "मीटिंगमध्ये आहे" असं सांगितलं. ते ५० मिनिटं बसून परत गेले. संध्याकाळी निघताना रिसेप्शनवरच्या बाईंनी माझ्या हातात एक पिशवी दिली, काकूंच्या हातचा चिवडा होता. तेव्हापासून मी त्यांचा फोन उचललेला नाही. आता लॅबमधली जुन्या वह्यांची खोली रिकामी व्हायची आहे. काकांना ते कुठून तरी कळलं. "माझ्या वह्या तेवढ्या वाचव" असा त्यांचा मेसेज आलाय. नवरा म्हणतो, होऊ दे संबंध हळूहळू कमी, असंच होत असतं. मी काय करू?

— तुमची एक वाचक

उत्तर:

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी सकाळी वाचलं आणि दिवसभर ती चिवड्याची पिशवी डोळ्यांसमोरून हलेना. म्हणून आधी तिच्याबद्दलच बोलते, वह्यांकडे नंतर येऊ.

या शनिवारी काकांकडे जा. फोन करून वेळ घे आणि एकटी जा, नवऱ्याला आणि लेकराला नेऊ नकोस. त्यांच्यासमोर काका तुला काही बोलू देणार नाहीत, विषय हसण्यावारी नेतील. चहा यायच्या आधीच सांगून टाक: "काका, मार्चमध्ये तुम्ही आलात तेव्हा मी मीटिंगमध्ये नव्हते. जागेवर होते. मी आले नाही." एवढंच. प्रकल्प, कंपनी, दडपण, त्या दिवसाची कामं, यातलं काहीही त्याला जोडू नकोस. ते "अगं, असू दे" म्हणतील. म्हणू देत, तरी तुझं वाक्य पूर्ण कर. त्यांना ते बहुधा माहीत आहे. ३१ वर्षं त्या इमारतीत काढलेल्या माणसाला "मीटिंगमध्ये आहे" याचा अर्थ कळत नाही, असं समजू नकोस. आणि माहीत असूनही ते चिवडा ठेवून गेले, म्हणून म्हणते की जा.

रिसेप्शनमध्ये बसणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. मीही अशाच एका कंपनीच्या लॅबमध्ये २४ वर्षं काढली. २००१च्या मंदीत आमचा अख्खा विभाग गेला. शेवटच्या दिवशी बॅज काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. दोन महिन्यांनी राहिलेली छत्री आणायला गेले, तर ज्या गार्डला मी रोज सकाळी नमस्कार करायची त्यानेच माझ्यापुढे पाहुण्यांचं रजिस्टर सरकवलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण 'कोणाला भेटायचं आहे' या रकान्यात काय लिहावं, मला सुचेना. पेन हातात धरून मी तशीच उभी राहिले. शेवटी छत्री न घेताच परतले. काकांनी त्या रकान्यात तुझं नाव लिहिलं होतं.

आता तू तोंड का चुकवलंस ते बघू. पत्रात तू कारण गोपनीयतेचं दिलं आहेस. ते खरं आहे, पण अर्धंच. ज्या कामावर त्यांनी वर्षानुवर्षं जीव लावला ते बंद पडलं, हे त्यांच्या तोंडावर तुला सांगवत नाही, म्हणून तू कानकोंडी झालीस. या दोन गोष्टी तुझ्या मनात एकमेकींत गुंतल्या आहेत. त्या सोडव. पहिलीचा नियम पक्का आहे, त्यात तुला ठरवायला काही उरत नाही. दुसरीसाठी धीर लागतो.

नियमाचं म्हणशील तर काकांना तो तुझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. त्यांच्या पिढीने लॅबमधली प्रत्येक गोष्ट बांधीव, पानांवर क्रमांक छापलेल्या वहीत लिहिली. खाली स्वतःची सही, तारीख, आणि शेजारी ज्याचा त्या कामाशी संबंध नाही अशा सहकाऱ्याची सही: 'वाचले आणि समजले.' अमेरिकेत १६ मार्च २०१३पर्यंत पेटंट मिळायचं ते आधी शोध लावणाऱ्याला, आधी अर्ज करणाऱ्याला नव्हे. वाद झाला तर 'आधी कोणी' हे वही ठरवायची. न्यू जर्सीतच मरे हिलला, बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत, पहिला ट्रान्झिस्टर १६ डिसेंबर १९४७ला चालला, २३ तारखेला वरिष्ठांना दाखवला गेला, आणि २४ तारखेला, नाताळच्या आदल्या दिवशी, वॉल्टर ब्रॅटन यांनी तो प्रयोग आपल्या वहीत उतरवला. एवढा मोठा शोध, पण वही चुकली नाही.

आपल्या नरेंद्र करमरकरांचं उदाहरण तुला माहीत असेलच. १९८४मध्ये बेल लॅब्समध्ये असताना त्यांनी लिनियर प्रोग्रॅमिंगची, म्हणजे हाताशी असलेल्या साधनांची सर्वांत चांगली वाटणी काढायच्या गणिताची, नवी रीत मांडली. जगभरच्या गणितज्ञांना तिचे बारकावे हवे होते, कंपनीने ते हातचे राखले आणि १९८८मध्ये त्या रीतीवर पेटंट मिळवलं. गणितावर पेटंट कसलं, म्हणून पुष्कळ आरडाओरड झाली. पण कंपनीच्या लॅबमध्ये डोक्यातून निघालेलं गणितसुद्धा कंपनीचं होतं, हे काकांच्या पिढीने तेव्हाच डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हा रविवारी ते प्रकल्पाचं विचारतील तेव्हा सरळ म्हण, "काका, त्यावर मला बोलता येत नाही." ते त्याच क्षणी थांबतील. आजवर तू "चाललंय, काका" असं गुळमुळीत उत्तर देत असणार, म्हणून ते पुन्हा पुन्हा विचारतात. बंद झाल्याची बातमी कंपनीने कुठे जाहीर केली आहे का, तेही एकदा नीट बघ. जाहीर असेल तर ती त्यांना तुझ्याच तोंडून कळू दे, आणि ती शनिवारीच सांग. जाहीर नसेल तर सूचकपणेसुद्धा काही बोलू नकोस. तुझा चेहरा त्यांना वाचता येतो आणि काय वाचायचं ते वाचतील, त्याला तू काही करू शकत नाहीस.

वह्यांच्या बाबतीत मात्र मी कडक होणार आहे. त्यांतलं एक पानसुद्धा घरी नेऊ नकोस. काकांनी गळ घातली तरी नाही, रद्दीच्या डब्यात पडलेलं दिसलं तरी नाही, फोनमध्ये फोटोसुद्धा नको. त्या वह्या काकांच्या नाहीत आणि तुझ्याही नाहीत. मात्र त्या जपाव्यात असं म्हणण्याचा तुला हक्क आहे आणि ते तू लेखी म्हण. तुमच्याकडे कागदपत्रं सांभाळणारा विभाग असेल, कायदा विभाग तर असतोच. दोघांना एकच ईमेल लिही: या खोलीत अमुक सालापासूनच्या संशोधन वह्या आहेत, त्या नष्ट होणार आहेत की कंपनीच्या अभिलेखागारात जाणार आहेत, आणि जिथे गुप्ततेची गरज उरली नसेल तिथे एखाद्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाला देता येतील का. तुझ्या मॅनेजरला प्रतीत ठेव. खोली रिकामी करायचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांनाही भेट, कारण ईमेलचं उत्तर येईपर्यंत ट्रॉली भरून गेलेली असते. हे मी स्वतः पाहिलं आहे.

असं केल्याने काही वाचतं का? कधी कधी वाचतं. युनिक्स ही संगणकप्रणाली बेल लॅब्समध्ये १९६९मध्ये सुरू झाली. तिच्या १९७३च्या चौथ्या आवृत्तीची पूर्ण प्रत कुठेच सापडत नव्हती. २०२५मध्ये युटा विद्यापीठात एक सामानाची खोली आवरताना तिची चुंबकीय टेप मिळाली. ती कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमपर्यंत नेण्यात आली आणि ५२ वर्षांनंतरही वाचता आली. खोली आवरणाऱ्याने टेपवरचं लेबल वाचलं आणि तो थांबला, म्हणून हे झालं. तुझ्या लॅबमध्ये त्या खोलीपाशी कोणी थांबणार असेल, तर ती तूच आहेस.

आणि समजा, कंपनी नाही म्हणाली आणि वह्या गेल्या, तर तेही काकांना जाऊन सांग. हा निरोप मेसेजवर द्यायचा नाही.

आता जे मला खरं म्हणजे सांगायचं आहे, त्याकडे येते. तू आणि काका दोघंही एकाच बाजूने बघताय. त्यांना वाटतं, लॅबमध्ये आत्ता काय चाललंय ते तू त्यांना सांगावंस. तुला वाटतं, तेवढंच त्यांना हवंय आणि ते मी देऊ शकत नाही. म्हणजे विषयच संपला. पण त्यांच्याकडून तुझ्याकडे येण्यासारखं केवढं तरी आहे, ते तू विचारलंस का? वह्यांत काय केलं ते असतं. पेपरमध्ये तर त्यातलंही फक्त चांगलं असतं. काय का चाललं नाही, का सोडून दिलं, कोणत्या यंत्राचा आकडा सोमवारी सकाळी खोटा यायचा, हे त्या माणसाच्या डोक्यात असतं.

माझाच अनुभव सांगते. आमचं काम ऑप्टिकल फायबरची टोकं त्यांच्या खोबणीत चिकटवण्याचं होतं. घरी बसून तीन वर्षं झाल्यावर, त्याच कंपनीत दुसऱ्या विभागात टिकून राहिलेल्या एका मुलाचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही तो अमुक इपॉक्सी का सोडला होता? रिपोर्टमध्ये नुसतं 'योग्य नाही' लिहिलंय." मी म्हटलं, "८५-८५ला सुटायचा." म्हणजे ८५ अंश सेल्सियस आणि ८५ टक्के आर्द्रता, अशा पेटीत महिन्यामागून महिने ठेवायची चाचणी असते ती. पहिल्या काही आठवड्यांत तो इपॉक्सी सगळ्यांत उत्तम दिसायचा, म्हणूनच फसवायचा. आम्ही पाऊण तास बोललो. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन शिरा केला. घरात कोणी नव्हतं, एकटीसाठीच केला.

हॅरी नायक्विस्ट या अभियंत्याचं नाव तू कॉलेजात ऐकलं असशील. बेल लॅब्समध्ये त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगत. पेटंट खात्यातल्या वकिलांनी बघितलं, की ज्यांच्या नावावर सर्वांत जास्त पेटंटं आहेत त्या लोकांत सारखं काय आहे? सापडलं ते एवढंच, की त्यातले बरेच जण नायक्विस्टबरोबर नाश्ता किंवा जेवण करायचे. नायक्विस्ट त्यांना कल्पना पुरवत नसत. चांगले प्रश्न विचारत. तुझे काका दर रविवारी प्रश्नच विचारतात गं. फक्त तू उत्तर देऊ शकत नाहीस अशा विषयावर विचारतात. त्यांना दुसरा विषय दे.

विषय कोणता, तर छापून आलेले पेपर आणि मुदत संपलेली पेटंटं. अर्ज केल्यापासून साधारण २० वर्षांनी पेटंट संपतं, आणि त्यातला मजकूर तर आधीपासूनच जगजाहीर असतो. काकांच्या नावावरची जुनी पेटंटं शोध, छापून घे आणि त्यांच्यापुढे ठेव. पहिल्या पानावरची आकृती दाखवून विचार, "काका, ही अशीच का काढलीत?" जे छापलं आहे त्याच्या भोवतीच राहा. गप्पा त्यापलीकडे आत्ताच्या कामाकडे सरकल्या तर पुन्हा तेच वाक्य: त्यावर मला बोलता येत नाही.

फोन दर आठवड्याला घ्यायलाच हवा असंही नाही. तुला घर आहे, लहान मूल आहे. पंधरा दिवसांनी अर्धा तास, पण तो तू कर. तू केलास की त्यांना वाट बघावी लागणार नाही, आणि घंटी वाजली की तुझ्या पोटात गोळा येणार नाही.

काकांनी आता दिवसभर काय करावं, हे तू ठरवू नकोस. अमुक क्लास लावा, तमुक मंडळात जा, अशा सूचना निवृत्त माणसाला सगळेच करतात आणि त्या फार बोचतात. पण त्यांच्याच गावातली, त्यांच्याच धंद्यातली माणसं काय करत होती, हे गप्पांत निघालं तर निघू दे. आर्थर ॲश्किन चाळीस वर्षं बेल लॅब्समध्ये काम करून १९९२मध्ये निवृत्त झाले. प्रकाशाच्या झोताने जिवाणूएवढी वस्तू चिमट्यासारखी धरता येते, हे त्यांनी दाखवलं होतं. निवृत्तीनंतर रमसनमधल्या आपल्या घराच्या तळघरात त्यांनी प्रयोगशाळा मांडली. रमसन तुमच्यापासून काही फार लांब नाही. २०१८मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते ९६ वर्षांचे होते आणि तळघरात सूर्यप्रकाश एकवटून वीज करण्याच्या कामात गढलेले होते. मला त्यात नोबेलचं तितकं काही वाटत नाही. पण ९६व्या वर्षी जिना उतरून खाली आपल्या टेबलाशी जायचं, तिथे आपलं अर्धवट काम आपली वाट बघत असायचं, हे मला फार हवंहवंसं वाटतं.

पण प्रत्येकाने तळघर मांडावं असं मी म्हणणार नाही. डिजिटल कॅमेऱ्यांत वर्षानुवर्षं वापरली गेलेली, चित्र टिपणारी सीसीडी चिप १९६९मध्ये शोधणाऱ्या दोघांपैकी जॉर्ज स्मिथ १९८६मध्ये निवृत्त झाले आणि शिडाच्या बोटीतून जगप्रवासाला निघाले. बरीच वर्षं समुद्रावर होते. ब्रॅटन आपल्या जुन्या कॉलेजात, वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमनमध्ये, शिकवायला गेले. टेलिफोन कंपन्यांतली जुनी माणसं 'टेलिफोन पायोनियर्स' या नावाने १९११मध्ये एकत्र आली. त्यांतल्या निवृत्तांनी अंधांसाठीची बोलक्या पुस्तकांची यंत्रं दुरुस्त करून देण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. हातात सोल्डरिंगची सवय असलेल्या माणसाला बंद पडलेलं यंत्र दिलं की तो खुलतो. काका यांतल्या कोणत्या प्रकारचे आहेत ते काकूंना विचार, त्यांना नक्की माहीत असेल.

काकूंशी वेगळं बोल, हे लिहायचं राहत होतं. चिवडा त्यांनी केला होता. डबा रिकामा परत करू नकोस, ही आपली रीत तुला सांगायला नको. पिशवी असली तरी तीच रीत.

तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मी टाकून देत नाही. नोकरीतले संबंध बरेचदा नोकरीबरोबर सरतात आणि त्यात कोणाचा दोष नसतो. माझेही सरले. पण तुझं पत्र तसं नाही. सरलेल्या संबंधाबद्दल कोणी दोन पानं लिहीत नाही, आणि लिहिलंच तर त्यात डिंकाचे लाडू येत नाहीत.

राहिलं लॅबमध्ये येण्याचं. काकांना पुन्हा आत यायचं असेल तर न कळवता येऊ नका, असं त्यांना स्पष्ट सांग. आणि मग मॅनेजरला विचार की त्यांना रीतसर बोलावता येईल का, एखाद्या दुपारी त्यांच्या छापलेल्या कामावर व्याख्यान ठेवता येईल का. पाहुणा म्हणूनच यावं लागेल, पण व्याख्यानाला बोलावलेला पाहुणा गेटवर बसून राहत नाही, त्याला घ्यायला माणूस येतो. तो माणूस तू हो.

मॅनेजर नाही म्हणाला, तर होल्मडेलला जा. बेल लॅब्सची ती मोठी काचेची इमारत, १९६२मध्ये उघडलेली, ईरो सारिनेन या वास्तुकाराने रेखलेली. एके काळी तिथे हजारो लोक कामाला होते. लॅब २००७मध्ये बंद झाली. आता तिचं 'बेल वर्क्स' झालंय, आत दुकानं, कॉफीची ठिकाणं, गावाचं वाचनालय. बाहेर तीन पायांची ट्रान्झिस्टरच्या आकाराची पाण्याची टाकी अजून उभी आहे, ती काका तुला लांबूनच दाखवतील. आत जायला बॅज लागत नाही, रजिस्टर नाही. मधल्या उंच चौकात कोपऱ्यातलं एक टेबल बघा आणि पेटंटचे कागद पसरा. लिहून घ्यायला वही घेऊन जा, बांधीव आणि पानांवर क्रमांक असलेली. सुटे कागद काकांना चालणार नाहीत.

तुझी,
मावशी